नेपोलियनच्या उदयावर लिहिताय? मग या चुका टाळा

परीक्षेतलं उत्तर असो, निबंध असो वा व्याख्यान, नेपोलियनची गाडी बहुतेकदा एकाच रुळावरून धावते. बॅस्टिल पडलं, राजाचा शिरच्छेद झाला, रोबेस्पिअरने हैदोस घातला, लोक विटले आणि मग एक तेजस्वी सेनापती अवतरला. ऐकायला झकास आहे. पण सगळी सत्ता एका सेनापतीच्या मुठीत गेली कशी, हा मूळ प्रश्न तसाच राहतो.

मधली वर्षं गाळणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. रोबेस्पिअर संपला जुलै १७९४ मध्ये आणि नेपोलियन सत्तेवर आला नोव्हेंबर १७९९ मध्ये. मधली सव्वापाच वर्षं गेली कुठे?

या काळाचा मोठा भाग पाच संचालकांच्या राजवटीचा, म्हणजे डिरेक्टरीचा. तिला राजेशाहीवाद्यांचीही भीती होती आणि जॅकोबिनांची, म्हणजे जहाल क्रांतिकारकांचीही. ती राजवट सुरू होण्याच्या तोंडावर, ५ ऑक्टोबर १७९५ रोजी, पॅरिसमध्ये राजेशाहीवाद्यांनी उठाव केला. सरकारी फौजेची सूत्रं हाती असलेल्या बारास या पुढाऱ्याने बंदोबस्तासाठी तरुण नेपोलियन बोनापार्तला हाताशी धरलं, म्यूरा या घोडदळाच्या अधिकाऱ्याने रातोरात साब्लोंहून तोफा आणल्या आणि राजधानीच्या रस्त्यांवर त्या डागल्या गेल्या. १७९७ च्या निवडणुकीत राजेशाहीकडे झुकलेले उमेदवार जिंकले, तेव्हा सप्टेंबरमध्ये सैन्य घुसवून अनेक निकाल रद्द केले गेले. त्या कामासाठी इटलीहून ओजरो या सेनानीला धाडलं होतं बोनापार्तनेच. पुढच्या वर्षी डावे जिंकले, तर त्यांचेही निकाल फिरवले. कौल पसंत पडला नाही की शिपाई बोलवायचे, हा पायंडा प्रजासत्ताकाच्या रखवालदारांनीच पाडला होता. उत्तरात हे आलं नाही, तर पुढचं सगळं जादूसारखं वाटतं.

फक्त लढाया मोजणं

इटलीच्या मोहिमेतल्या लढायांची यादी सगळेच देतात. पण पगाराकडे बघा. कागदी चलन मातीमोल झालेलं असताना बोनापार्तने आपल्या शिपायांना अर्धा पगार नाण्यांत द्यायला सुरुवात केली. शिवाय इटलीतून उकळलेला पैसा तो पॅरिसला पाठवत होता, म्हणजे खुद्द सरकार त्याच्या मिंध्यात. जोडीला आपल्या पराक्रमाच्या बातम्या छापणारी स्वतःची वर्तमानपत्रं. सैन्याची निष्ठा सरकारकडून सेनापतीकडे सरकली ती अशी.

इजिप्तबद्दल मात्र एक सावधगिरी बाळगा. तिथून तो ‘विजयी वीर’ म्हणून परतला असं बिनदिक्कत लिहू नका. ऑगस्ट १७९८ मध्ये इंग्रज नौसेनानी नेल्सनने त्याचं आरमार बुडवलं, एकर या तटबंदीच्या शहराचा वेढा फसला आणि वर्षभराने क्लेबेर या सेनानीच्या गळ्यात सैन्य अडकवून हा मोजक्या लोकांसह निघून आला. ‘फ्रान्सवर परचक्र आलं होतं म्हणून त्याला सत्ता मिळाली’ हेही अर्धसत्य आहे. तो ९ ऑक्टोबर १७९९ ला किनाऱ्यावर उतरला, त्याआधीच मासेना या दुसऱ्या फ्रेंच सेनापतीने झुरिचला विजय मिळवून मोठा धोका परतवला होता.

ब्रूमेअरला एकहाती डाव समजणं

ब्रूमेअर हा क्रांतीच्या पंचांगातला महिना. त्यात झालेल्या सत्तापालटाचा कट मुळात सिएसचा, म्हणजे एका संचालकाचा. त्याला एक तलवार हवी होती. आधी त्याची नजर जूबेर या सेनापतीवर होती, पण तो ऑगस्टमध्ये नोवीच्या लढाईत मारला गेला. बोनापार्त हा दुसरा पर्याय!

१८ ब्रूमेअरला, म्हणजे ९ नोव्हेंबरला, जॅकोबिन कटाची हूल उठवून दोन्ही सभागृहं पॅरिसबाहेर सेंट-क्लाउडला हलवली गेली. दुसऱ्या दिवशी खरी फजिती झाली. बोनापार्त पाचशे सदस्यांच्या सभागृहात शिरला, तर सभासद अंगावर धावले. ‘याला कायद्याबाहेर घोषित करा’ असा गलका झाला. शिपायांनी त्याला कसाबसा बाहेर काढला. डाव सावरला तो त्याच्या भावाने. ल्यूसियाँ हाच त्या सभागृहाचा अध्यक्ष होता. बाहेर येऊन त्याने सैनिकांना सांगितलं की खंजीरधारी सभासदांनी सभागृह वेठीस धरलंय. अध्यक्षच सांगतोय म्हटल्यावर सैनिकांचा संकोच गेला आणि म्यूराने सभागृह रिकामं केलं. रात्री उरल्यासुरल्या सभासदांना गोळा करून ठराव करून घेतला. बंदुकीच्या धाकावरही ठराव लागलाच, ही माझ्या मते सगळ्या प्रकरणातली सर्वांत बोलकी गोष्ट आहे.

सार्वमताचा आकडा डोळे झाकून उतरवणं

नव्या राज्यघटनेला ३० लाखांहून जास्त होकार आणि फक्त १,५६२ नकार, हा आकडा पुष्कळ ठिकाणी दिसतो. तो सरकारी आहे. मतदान उघड्या वहीत नाव लिहून होत असे, सैनिकांना न विचारताच त्यांचे होकार धरले गेले आणि गृहखात्याने आकडे फुगवले. गृहमंत्री कोण? ल्यूसियाँ. प्रत्यक्षातले होकार याच्या निम्म्याच्या आसपास होते. राज्यघटना तर मतमोजणीआधीच लागू झाली होती.

१७९९ लाच त्याला सम्राट करणं

ही चूक घाईची. डिसेंबर १७९९ मध्ये तो दहा वर्षांसाठी प्रथम कॉन्सल, म्हणजे तीन सर्वोच्च शासकांपैकी पहिला, झाला. उरलेल्या दोघांना केवळ सल्ला देता येई. जानेवारी १८०० मध्ये पॅरिसच्या ७३ राजकीय पत्रांपैकी ६० बंद केली, फेब्रुवारीत प्रत्येक विभागावर वरून नेमलेला प्रीफेक्ट, म्हणजे प्रशासक, बसवला. डिसेंबरात राजेशाहीवाद्यांनी त्याला मारायला बॉम्ब उडवला, पण हद्दपार झाले जॅकोबिन. १८०१ मध्ये पोपशी समेट, १८०२ मध्ये इंग्लंडशी तह आणि त्याच वर्षी तहहयात कॉन्सलपद. सम्राटपद आलं मे १८०४ मध्ये.

आणि तो मुकुटाचा किस्सा. २ डिसेंबर १८०४ ला त्याने पोपच्या हातून मुकुट हिसकावला असं लिहू नका; स्वतःच्या हाताने तो घालायचा हे आधीच ठरलं होतं. त्यापेक्षा त्या काळची नाणी सांगा. एका बाजूला ‘सम्राट नेपोलियन’ आणि दुसऱ्या बाजूला ‘फ्रेंच प्रजासत्ताक’, अशी नाणी १८०८ पर्यंत पडत होती.