नवे मॉड्युलर पॉलिमर पिस्तूल बाजारात टिकेल का, हे साच्यात पैसे घालण्यापूर्वी कसे ताडावे

एखादा खासगी शस्त्रनिर्माता नाशिकच्या टूल रूममध्ये येतो आणि सांगतो की आमचे नवे मॉड्युलर पॉलिमर पिस्तूल येत आहे, ग्रिपच्या, म्हणजे मुठीच्या, तीन आकारांचे साचे तुम्ही करून द्या, पुढे ऑर्डर मोठी मिळेल. ओझरच्या एचएएलची किंवा वाहन उद्योगाची कामे केलेल्या अंबड-सातपूरच्या कारखानदाराला असे काम तांत्रिकदृष्ट्या झेपण्यासारखे असते. कठीण असतो तो बाजाराचा अंदाज, कारण साच्यात घातलेला पैसा पिस्तूल विकले गेले तरच परत येतो आणि या बाजारात ग्लॉक, सिग सॉअर, बेरेटा, स्मिथ अँड वेसन, वॉल्थर यांसारख्या कंपन्या आधीच पाय रोवून उभ्या आहेत. हा अंदाज कसा बांधावा, कोणते प्रश्न कोणत्या क्रमाने विचारावेत आणि कोठे थांबावे, ते येथे सांगितले आहे.

आधी वस्तू हातात घेऊन पाहा

मॉड्युलर हा शब्द माहितीपत्रकात फार सैलपणे वापरला जातो. पाठीमागची पट्टी बदलता येते एवढ्यावरही काही कंपन्या तो छापतात. खऱ्या अर्थाने मॉड्युलर पिस्तुलात ट्रिगरची सर्व यंत्रणा एका छोट्या पोलादी चेसिसमध्ये बसवलेली असते, ती चेसिस ग्रिपमधून पूर्ण बाहेर काढता येते आणि पिस्तुलाचा अनुक्रमांक त्या चेसिसवर असतो. सिगच्या पी 320 मध्ये ग्रिपला एक लहान खिडकी ठेवलेली आहे आणि तिच्यातून आतल्या चेसिसवरचा क्रमांक वाचता येतो. नमुना हातात आला की प्रथम अनुक्रमांक कोठे आहे ते शोधावे. तो ग्रिपच्या प्लास्टिकमध्येच कायमचा बसवलेल्या पत्र्यावर असेल, तर ग्रिप बदलणे म्हणजे पिस्तूलच बदलणे होय, आणि मग मॉड्युलर या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही.

त्यानंतर आपल्या व्यवसायाच्या नजरेने ग्रिप तपासावी. या ग्रिप बहुधा काचतंतू मिसळलेल्या नायलॉनच्या असतात. नायलॉन हवेतील ओलावा शोषतो आणि त्यामुळे त्याची मापे थोडी हलतात. काचतंतूमुळे ताकद वाढते, पण साच्याची झीजही वाढते. मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, शिरते त्या तोंडाच्या भिंती अंगठ्याने दाबून पाहाव्यात, साच्याच्या जोडरेषा बोटाला लागतात का ते पाहावे, आणि रिकामे मॅगझिन बटण दाबताच स्वतःच्या वजनाने खाली पडते की भिंतीला घासत उतरते हे पुन:पुन्हा पाहावे. एकाच साच्यातून निघालेल्या अनेक ग्रिपमध्ये एकच चेसिस आलटून पालटून बसवून पाहिल्याशिवाय नमुन्याविषयी मत बनवू नये, कारण निर्माता दाखवण्यासाठी आणतो तो नमुना नेहमीच निवडलेला असतो.

पूर्वीच्या पिस्तुलांचे काय झाले ते नीट वाचा

पॉलिमर फ्रेमचे पहिले पिस्तूल ग्लॉकचे, असा समज पुष्कळांचा असतो. प्रत्यक्षात जर्मनीच्या हेकलर अँड कॉखने व्हीपी 70 हे पिस्तूल 1970 मध्येच आणले होते, पण त्याचा ट्रिगर ओढायला अतिशय जड होता आणि ते बाजारात कधीच मुसंडी मारू शकले नाही. बारा वर्षांनंतर, 1982 मध्ये, ऑस्ट्रियाच्या सैन्याने ग्लॉक 17 स्वीकारले. गॅस्टन ग्लॉक यांनी त्याआधी पिस्तूल बनवलेले नव्हते. त्यांचा हात प्लास्टिक आणि धातूच्या कामात बसलेला होता, आणि आपल्याकडच्या मोल्डिंगवाल्याने हे आवर्जून लक्षात घ्यावे. त्यांना यश मिळाले ते एका मागणीदार सैन्याने घालून दिलेल्या अटी त्यांनी साध्या, कमी भागांच्या रचनेतून पूर्ण केल्या म्हणून. पॉलिमर हे त्या यशाचे साधन होते.

मॉड्युलर रचनेचीही हीच कथा आहे आणि ती अधिक बोलकी आहे. सिगने पी 250 हे पिस्तूल 2007 च्या सुमारास आणले. काढता येणारी चेसिस आणि बदलता येणाऱ्या ग्रिप हे सारे त्यात होते. परंतु दर गोळीला ट्रिगर लांबवर ओढावा लागे आणि नेमबाजांना ते रुचले नाही. कंपनीने 2014 मध्ये हीच कल्पना स्ट्रायकरच्या (हॅमरऐवजी स्प्रिंगच्या जोराने काडतुसावर आदळणाऱ्या दांड्याच्या) यंत्रणेसह पी 320 मध्ये पुन्हा मांडली आणि 19 जानेवारी 2017 रोजी अमेरिकी लष्कराच्या मॉड्युलर हँडगन सिस्टिमचे कंत्राट मिळवले, ज्याची कमाल मर्यादा 58 कोटी डॉलर होती. ग्लॉकने या निर्णयाविरुद्ध तक्रार केली आणि जून 2017 मध्ये ती फेटाळली गेली. त्या निकालातून बाहेर आलेले आकडे मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात: मूल्यमापनात सिगची किंमत सुमारे 16.95 कोटी डॉलर धरली गेली होती, तर ग्लॉकची 27.22 कोटी. ज्या स्पर्धेच्या नावातच मॉड्युलर हा शब्द होता, तिच्यातही दोन तुल्यबळ पिस्तुलांमध्ये किमतीची तफावत एवढी मोठी होती. म्हणून निर्माता आपल्या पिस्तुलाच्या बदलत्या ग्रिपविषयी भरभरून बोलू लागला, की त्याला ट्रिगर, किंमत आणि पहिला मोठा ग्राहक या तीन गोष्टींवर आणावे.

पहिला दोष निघाल्यावर कंपनी काय करते, हेही इतिहासातच शोधावे लागते. विशिष्ट कोनात खाली पडल्यास पी 320 मधून गोळी सुटू शकते असे 2017 च्या उन्हाळ्यात दिसून आले, तेव्हा कंपनीने ऑगस्टमध्ये ऐच्छिक सुधारणा योजना जाहीर करून ग्राहकांची पिस्तुले बदललेल्या भागांसह परत दिली. त्यानंतरही आपोआप गोळी सुटल्याच्या आरोपांवरून अमेरिकेत खटले चालू राहिले आणि कंपनीने ते आरोप नाकारले. एवढा ताण सिगला सोसता आला, कारण तिच्यामागे लष्करी कंत्राट आणि मोठा कारखाना होता. अबुधाबीच्या कॅराकलचे तसे झाले नाही. विल्हेल्म बुबिट्स या अनुभवी ऑस्ट्रियन रचनाकाराचा हात लागलेली तिची पॉलिमर पिस्तुले 2013 मध्ये सुरक्षिततेच्या कारणावरून परत मागवावी लागली आणि अमेरिकी बाजारात त्यांना पुन्हा उभे राहणे जड गेले. नव्या निर्मात्याला म्हणूनच थेट विचारावे की समजा दोन हजार पिस्तुले परत मागवण्याची वेळ आली, तर तो खर्च कोणत्या खात्यातून येईल. उत्तर देताना तो अडखळला, तर पुढची चर्चा लांबवण्यात अर्थ नाही.

मॅगझिन आणि होल्स्टरवरून बरेच कळते

पिस्तूल विकत घेणारे दल त्याच्याबरोबर मॅगझिन, होल्स्टर (कमरेला पिस्तूल अडकवण्याचे म्यान), सुटे भाग आणि प्रशिक्षणही विकत घेते, आणि या साऱ्यांची घडी एकदा बसली की ती मोडायला कोणी सहसा तयार होत नाही. रुगर कंपनीने डिसेंबर 2024 मध्ये आरएक्सएम हे पिस्तूल आणताना हे पुरते ओळखले होते. त्यात काढता येणारी पोलादी चेसिस आहे, ग्रिप मॅगपुल कंपनीची आहे, आणि मॅगझिन व बरेचसे भाग तिसऱ्या पिढीच्या ग्लॉक 19 चे चालतात. ग्राहकाच्या कपाटात जे आधीपासून आहे तेच वापरू देणे, हा गर्दीत शिरण्याचा मला दिसणारा सर्वांत शहाणपणाचा मार्ग आहे. याउलट ज्या नव्या पिस्तुलाचे मॅगझिन फक्त त्याच्याच निर्मात्याकडे मिळते आणि ज्याला बाजारात एकही तयार होल्स्टर बसत नाही, त्याला ग्रिपचे दहा आकार असले तरी त्याचा मार्ग अरुंदच राहतो.

भारतातील ग्राहक कोण, हे आधी ठरवा

अमेरिकेत कायद्याच्या दृष्टीने अनुक्रमांक असलेली चेसिस म्हणजे पिस्तूल, त्यामुळे रिकामी ग्रिप एखाद्या साध्या सुट्या वस्तूसारखी विकत घेता येते. मॉड्युलर पिस्तुलाच्या नागरी विक्रीचा निम्मा आधार तिथे हाच आहे. आपल्याकडे हा आधार नाही. शस्त्र अधिनियम 1959 मध्ये शस्त्र या संज्ञेत शस्त्रांचे भाग आणि शस्त्रे बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. सामान्य परवानाधारकाला 9 मिमी हे कॅलिबर (नळीच्या व्यासाचे माप) मिळत नाही, कारण ते निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे सामान्य नागरिकांना बंदी असलेल्या मापांत, मोडते, त्याच्या वाट्याला .32 आणि .22 सारखी कॅलिबर येतात, आणि तिथे सरकारी कारखान्यांची पिस्तुले व रिव्हॉल्व्हर पूर्वीपासून आहेत. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात. पूर्वी ही मर्यादा तीन होती. नाशिक शहरात परवान्यासाठी पोलीस आयुक्तांकडे आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करून बसलेल्या माणसाला बदलत्या ग्रिपची चिंता नसते. म्हणून निर्मात्याच्या विक्रीच्या अंदाजात नागरी ग्राहकांचा आकडा मोठा दिसला, तर तो अंदाज बाजूला ठेवावा.

राहिले सैन्य, केंद्रीय दले आणि राज्यांचे पोलीस. येथे मॉड्युलर रचनेचा खरा उपयोग आहे, हे मान्य करायला हवे. त्र्यंबक रस्त्यावरील महाराष्ट्र पोलीस अकादमीत प्रशिक्षण घेणाऱ्या उपनिरीक्षकांमध्ये स्त्रिया आहेत आणि पुरुषही आहेत. हातांचे आकार वेगवेगळे असताना सर्वांना एकच जाड ग्रिप देणे नेमबाजीच्या दृष्टीने चुकीचे आहे. इशापूरच्या कारखान्यातून वर्षानुवर्षे आलेले ब्राउनिंग घराण्याचे 9 मिमी पिस्तूल असा बदल करू देत नाही. चेसिस बदलून काम भागत असेल, तर शस्त्रागारातील आर्मोररचाही (शस्त्रांची देखभाल करणाऱ्याचाही) वेळ वाचतो. परंतु हा गुण निविदेच्या तांत्रिक अटींमध्ये लिहिलेला असेल तरच त्याला किंमत मिळते. अटीत तो नसेल, तर सर्वांत कमी दराच्या निविदेपुढे त्याचा एक पैसाही वसूल होत नाही. निर्मात्याकडून त्याने भाग घेतलेल्या किंवा घेणार असलेल्या निविदांच्या तांत्रिक अटींची प्रत मागून घ्यावी आणि ग्रिपच्या आकारांविषयीचे कलम स्वतः वाचावे.

देशातील स्पर्धाही विरळ राहिलेली नाही. इस्रायलच्या आयडब्ल्यूआय कंपनीचे मसादा हे चेसिस काढता येणारे पॉलिमर पिस्तूल पीएलआर सिस्टिम्स या कंपनीच्या माध्यमातून ग्वाल्हेरजवळच्या कारखान्याशी जोडलेले आहे, आणि ग्लॉक अनेक विशेष दलांच्या अंगवळणी पडले आहे. काडतुसांची बाजू मात्र आपल्याकडे भक्कम आहे. खडकी आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथे लहान शस्त्रांचा दारूगोळा बनतो, आणि नव्या पिस्तुलाची चाचणी याच दारूगोळ्यावर झाली आहे का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

साच्याचा हिशेब

निर्माता ज्या गुणाची जाहिरात करतो, तोच मोल्डिंगवाल्याचा खर्च वाढवतो. समजा एका ग्रिपच्या साच्याला 40 लाख रुपये लागतात आणि खात्रीची ऑर्डर 5,000 पिस्तुलांची आहे. एकच आकार असेल तर साच्याचा भार प्रत्येक पिस्तुलावर 800 रुपये पडतो. तीन आकार हवे असतील तर साच्यांवर 1 कोटी 20 लाख जातात, पिस्तुले तेवढीच राहतात आणि भार 2,400 रुपये होतो. दलाने प्रत्येक पिस्तुलाबरोबर तिन्ही ग्रिप घेतल्या तर हा भार सुसह्य ठरतो. मधलाच आकार बहुतेकांनी घेतला, तर उरलेले दोन साचे गोदामात पडून राहतात. आपले खरे आकडे घालून हा हिशेब निर्मात्यासमोरच मांडावा आणि मोठ्या व लहान आकारांच्या ग्रिपची किमान खरेदी लेखी मागावी.

परवान्याच्या बाबतीत कोणाच्याही तोंडी आश्वासनावर विसंबू नये. शस्त्राचा भाग परवान्याविना बनवणे हा गंभीर गुन्हा आहे आणि 2019 नंतर त्याला किमान 7 वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. निर्मात्याचा परवाना आपल्या कारखान्याला लागू होतो की स्वतंत्र परवानगी लागते, हे शस्त्र कायद्याचे काम करणाऱ्या वकिलाकडून लेखी मिळेपर्यंत नमुन्याचा एक तुकडाही ओतू नये. ज्यांना या प्रक्रियेत शिरायचे नाही, त्यांच्यासाठी होल्स्टर, वाहून नेण्याची पेटी आणि साफसफाईचा संच ही कामे आहेत. त्यांत भांडवल कमी लागते आणि ती एकाच पिस्तुलाच्या नशिबावर अवलंबून राहत नाहीत. माझ्या मते नाशिकच्या बहुसंख्य छोट्या कारखान्यांनी तिथूनच सुरुवात करावी.

एवढे तपासूनही पुढे जायचे ठरले, तर साच्याची रक्कम टप्प्याटप्प्याने निर्मात्याने द्यावी, मालकी त्याची राहावी आणि साचे आपल्याकडे सांभाळायचे भाडे ठरावे. करारात आणखी एक कलम हमखास राहून जाते. पिस्तूल खाली पाडून घेतल्या जाणाऱ्या चाचण्यांत किंवा दलाच्या प्रत्यक्ष वापरात दोष निघाला आणि रचना बदलावी लागली, तर साच्यातील दुरुस्तीचा खर्च कोणाचा, ती किती दिवसांत करायची आणि तोवर बनलेल्या ग्रिपचे पैसे मिळणार की नाहीत, हे त्या कलमात रकमेसह लिहून घ्यावे आणि त्यावर सही झाल्यावरच पोलादाची खरेदी करावी.