हजेरीपटावरून शिक्षण, वर्ग आणि सामाजिक संकेत यांचा अभ्यास कसा करावा

समाजशास्त्राच्या प्रकल्पासाठी गावातील शाळा निवडणारे विद्यार्थी बहुधा ‘पालक उदासीन आहेत’ या निष्कर्षापाशी येऊन थांबतात. वास्तविक तो निष्कर्ष नसून शिक्षकांमध्ये रूढ असलेले मत असते. म्हणून एका इयत्तेच्या वर्षभराच्या हजेरीपटापासून सुरुवात करावी. त्यासाठी मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्यावी आणि नोंदी उतरवताना मुलांच्या नावांऐवजी क्रमांक वापरावेत.

प्रथम गैरहजेरी महिनेवार मांडून तिच्याशेजारी गावातील कामांचे वेळापत्रक लिहावे. जळगाव-धुळ्याच्या कापूसपट्ट्यात दिवाळीच्या मागेपुढे वेचणी असते, तर नंदुरबारच्या पाड्यांवरून त्याच सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला जातात. गैरहजेरीचे महिने या कामांच्या वेळापत्रकाशी जुळले, तर उदासीनतेचे स्पष्टीकरण तेथेच लंगडे पडते.

कुटुंबाचा आर्थिक-सामाजिक वर्ग ठरवताना उत्पन्न विचारू नये. आकडा खरा मिळत नाही. जमीन बागायती की कोरडवाहू, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरातील कोणी सालदार, म्हणजे वर्षाच्या कराराने शेतमजूर, म्हणून राहतो का, शिष्यवृत्तीचा अर्ज घरी कोण भरते, हे विचारावे. जातीचा रकाना मात्र स्वतंत्र ठेवावा, कारण रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात जात आणि जमीन यांचा संबंध दाट असला तरी त्या दोन गोष्टी एक नाहीत.

सामाजिक संकेत थेट प्रश्नाने हाती लागत नाहीत. ‘मुलींना शिकवावे का?’ असे विचारल्यास सगळेच होकार देतात. सातवीनंतरची शाळा दुसऱ्या गावी असेल, तर ‘मुलगी एसटीने एकटी गेली तर कोण काय म्हणेल?’ असे विचारावे आणि उत्तरात आजी, भाऊबंद, शेजारी यांपैकी कोणाचा उल्लेख आधी येतो ते टिपावे.

मग समाजशास्त्रातील दृष्टिकोन लावावेत. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांच्या मते शाळा समाजाची सामायिक मूल्ये पुढील पिढीत रुजवते. परिपाठाचे निरीक्षण या अंगाने करता येते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्द्यू यांची सांस्कृतिक भांडवलाची (घरातून मिळालेली भाषा, सवयी, ज्ञान शाळेत उपयोगी पडतात, या अर्थाची) कल्पना खानदेशात मला अधिक उपयोगी वाटते. घरी अहिराणी किंवा पावरा आदिवासींची पावरी बोलणारे मूल प्रमाण मराठीतील पुस्तकासमोर अडखळते, आणि ती अडखळण बुद्धीची उणीव म्हणून नोंदली जाते. वर्गात बसून चुकीचे उत्तर आणि बोलीतील बरोबर उत्तर यांची वेगवेगळी नोंद केल्याशिवाय हे सिद्ध होत नाही. (शिक्षणाचा खर्च कोण भरतो आणि लाभ कोणाला होतो, हा वर्गाचा प्रश्न महात्मा फुले यांनी 1882 मध्ये ब्रिटिश सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे मांडला होता, संदर्भचौकट केवळ युरोपातून आणण्याचे कारण नाही.)

मुलाखती वेचणीच्या दिवसांत संध्याकाळीच घ्याव्यात. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांना गाठण्यासाठी सातपुड्यात होळीच्या सुमारास जावे, कारण त्या सणाला बरेच जण पाड्यावर परततात; त्यांना वगळले तर ज्यांची गैरहजेरी समजून घ्यायची तेच अभ्यासाबाहेर राहतात.