क्लास न लावता नीटची तयारी: कोणती पुस्तकं घ्यायची, कोणती ठेवून द्यायची

नीट, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेशाची परीक्षा, द्यायची तर लातूर नाहीतर कोट्याचे क्लास, हे आपल्याकडे बऱ्याच घरांत दहावीच्या निकालाआधीच ठरलेलं असतं. ज्यांना ते परवडत नाही, त्यांची मुलं अभ्यास सुरू होण्याआधीच मनातून मागे पडतात, आणि याचं मला फार वाईट वाटतं. तासगाव, जत, खटाव किंवा पाटणला राहून, ज्युनिअर कॉलेज करता करता ही तयारी होऊ शकते. त्याला पुस्तकांचा ढीग लागत नाही. मोजकी पुस्तकं लागतात, आणि ती जाहिरात पाहून न निवडता जुन्या प्रश्नपत्रिकांवर पारखून निवडावी लागतात.

आधी अभ्यासक्रम हातात घ्या

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावर नीटचा अभ्यासक्रम मोफत मिळतो. झेरॉक्सच्या दुकानातून त्याची प्रत काढून टेबलासमोर चिकटवा. भौतिकशास्त्राचे २० घटक, रसायनशास्त्राचे २० आणि जीवशास्त्राचे १०. ज्या वर्षी परीक्षा देणार त्याच वर्षीची प्रत घ्या, कारण २०२४ च्या परीक्षेपासून यात मोठा बदल झाला. जीवशास्त्रातून वनस्पतींमधलं वहन, खनिज पोषण, पचन असे धडे गेले. रसायनशास्त्रातून घन अवस्था, पॉलिमर, पृष्ठभाग रसायन गेलं. उलट भौतिक आणि रसायनात प्रयोगांवरचा एकेक स्वतंत्र घटक आला. त्यामुळे कॉलेजात व्हर्निअर कॅलिपर आणि स्क्रू गेज हातात घ्यायला मिळतं, तो तास चुकवू नका.

पेपरचं स्वरूपही समजून घ्या. २०२५ मध्ये १८० प्रश्न, ७२० गुण आणि १८० मिनिटं होती. भौतिक ४५, रसायन ४५, जीवशास्त्र ९०. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ वजा. म्हणजे निम्मे गुण एकट्या जीवशास्त्राचे.

बोर्डाची पुस्तकं आणि एनसीईआरटी यांची सांगड

घरी अभ्यास करणारी आपली मुलं सर्वांत जास्त इथे गोंधळतात, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. २०१९ मध्ये अकरावीची आणि २०२० मध्ये बारावीची बालभारतीची नवी पुस्तकं आली. ती चांगली आहेत, पण त्यांतली धड्यांची वाटणी नीटसाठी वाचायच्या एनसीईआरटीच्या (केंद्राच्या) पुस्तकांपेक्षा वेगळी आहे. बोर्डाच्या बारावीत श्वसन व रक्ताभिसरण आणि नियंत्रण व समन्वय हे धडे आहेत; एनसीईआरटीत तो भाग अकरावीच्या पुस्तकात आहे. भौतिकशास्त्रातही तसंच. घूर्णन गती, द्रव, उष्मागतिकी, दोलनं हे बोर्डाच्या बारावीत आणि एनसीईआरटीच्या अकरावीत. स्थिर विद्युत, प्रकाश, अर्धवाहक यांची सुरुवात बोर्डाच्या अकरावीत होते, तर एनसीईआरटीत हे सगळं बारावीला. रसायनातली उष्मागतिकी बोर्डाला बारावीत, एनसीईआरटीला अकरावीत.

म्हणून पहिल्याच आठवड्यात एका कोऱ्या पानावर तक्ता करा. डावीकडे नीटचा घटक, मध्ये एनसीईआरटीचा धडा, उजवीकडे बोर्डाचा धडा. कॉलेजात जो धडा चालू असेल, त्याच आठवड्यात घरी एनसीईआरटीतला जोडीचा धडा घ्यायचा, मग तो अकरावीच्या पुस्तकात असो की बारावीच्या. एकच विषय दोनदा नव्याने शिकण्याचा वेळ वाचतो. या तक्त्यात काही ओळींना डावीकडे जोडी सापडणार नाही. बोर्डाच्या बारावीतलं वनस्पती-जल संबंध किंवा घन अवस्था यांचा अभ्यास बोर्डापुरता करा. तो टाळू मात्र नका, कारण प्रवेशासाठी बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्रात मिळून खुल्या गटाला ५० टक्के आणि राखीव गटाला ४० टक्के गुण लागतात.

काय घ्यायचं, कुठल्या क्रमाने

सुरुवात एनसीईआरटीच्या दहा पुस्तकांनी. भौतिक आणि रसायन दोन्ही वर्षांचे दोन-दोन भाग, जीवशास्त्र एकेक. पीडीएफ मोफत आहेत, पण जीवशास्त्राची दोन्ही पुस्तकं छापीलच घ्या, कारण त्यांवर पेन्सिल चालवायची आहे.

दुसरी खरेदी, धड्यांनुसार लावलेल्या गेल्या वर्षांच्या नीट प्रश्नांचं पुस्तक. जीवशास्त्रासाठी याहून जास्त काहीही लागत नाही, हे मी ठामपणे सांगतो. धडा एकदा वाचा, त्यावरचे जुने प्रश्न सोडवा, आणि ज्या ओळीतून प्रश्न आला ती ओळ धड्यात शोधून खाली रेघ मारा. चार-पाच धड्यांनंतर परीक्षकाची नजर कुठे जाते ते आपोआप दिसू लागतं: आकृतीखालची वाक्यं, तक्ते, उदाहरणादाखल दिलेली प्राण्या-वनस्पतींची नावं. मग वाचनच बदलतं.

भौतिकशास्त्राला नुसतं वाचून भागत नाही. तिथे सरावाचं एक पुस्तक हवं. रसायनात भौतिकी रसायनाच्या गणितांसाठी एक. असेंद्रियासाठी एनसीईआरटीच पुरेसं. दुकानात गेल्यावर तुम्हाला चांगला येणारा एक धडा उघडा. उत्तरांच्या मागे पूर्ण स्पष्टीकरण आहे का, चुकीचे पर्याय का चुकीचे ते सांगितलंय का, की नुसतं 'ब' लिहून सोडून दिलंय? जुने नीट प्रश्न ज्या पातळीचे आहेत त्याच्या फार वर किंवा फार खाली पुस्तक असेल, तर कितीही नावाजलेलं असो, परत ठेवा. आणि एका विषयाचं एक पुस्तक संपल्याशिवाय त्याच विषयाचं दुसरं आणू नका.

जुनी पुस्तकं घ्यायला हरकत नाही. मिरजेच्या किंवा साताऱ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नुकतीच प्रवेश घेतलेली मुलं ओळखीत असतील तर त्यांना विचारा. बहुतेकांच्या घरी गठ्ठे पडून असतात. फक्त छपाईचं वर्ष बघा. २०२४ च्या आधीचं साहित्य असेल तर भिंतीवरच्या यादीशी ताडून गेलेल्या धड्यांवर काट मारा. २०२१ ते २०२४ चे पेपर २०० प्रश्नांचे होते, त्यातले १८० सोडवायचे असत. त्या काळातले सराव संच आताच्या वेळेच्या हिशोबाला जुळत नाहीत.

पैसे देण्याआधी मोफत काय मिळतं तेही पाहा. शिक्षण मंत्रालय आणि आयआयटी कानपूर यांच्या 'साथी' या संकेतस्थळावर व्याख्यानं आणि सराव चाचण्या आहेत. इतर मागास वर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी 'महाज्योती'ची मोफत प्रशिक्षण योजना आहे. दहावीनंतर तिची जाहिरात निघते का याकडे लक्ष ठेवा.

इंग्रजीची भीती

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचा पहिला प्रश्न हाच असतो. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, सोबत इंग्रजी असतं, आणि दोहोंत फरक निघाला तर इंग्रजी ग्राह्य धरतात. पण आपल्याकडे अकरावी-बारावी शास्त्र इंग्रजीतूनच शिकवतात आणि एनसीईआरटी मराठीत नाही. त्यामुळे मी इंग्रजी पेपरच सुचवेन. पहिले दोन-तीन महिने समासात मराठी शब्द लिहून ठेवा: परागण, अंतःस्राव, संवेग. दिवाळीपर्यंत त्यांची गरज कमी झालेली असते.

सराव परीक्षा आणि चुकांची वही

अकरावीत धड्यांच्या चाचण्या पुरतात. पूर्ण पेपर बारावीच्या दिवाळीनंतर, सुरुवातीला पंधरवड्यातून एक. परीक्षा दुपारी २ ते ५ असते, म्हणून सरावही त्याच वेळेला, छापील ओएमआरवर (गोल काळे करायच्या उत्तरपत्रिकेवर), बॉलपेनने. घरात गडबड असेल तर गावातल्या अभ्यासिकेत बसा; स्पर्धा परीक्षेची मुलं असतात, तिथल्या शांततेचा उपयोग होतो. जीवशास्त्र आधी, साधारण ५० मिनिटांत. भौतिकाला तासभर तरी उरला पाहिजे.

उत्तर येत नसेल तर काय करायचं, याचा हिशोब सरळ आहे. चारही पर्याय सारखेच वाटत असताना मारलेल्या ठोकताळ्यातून सरासरी पाव गुण मिळतो, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर तीच सरासरी दीड गुणावर जाते. तेव्हा उत्तर लिहा.

पेपर तपासल्यावर प्रत्येक चूक वहीत चारपैकी एका रकान्यात टाका: माहीतच नव्हतं, दोन गोष्टींत गोंधळ झाला, आकडेमोड चुकली, प्रश्न नीट वाचला नाही. शेवटच्या रकान्यात 'अयोग्य विधान निवडा' मधला 'अ' न पाहिलेले प्रश्न फार निघतात. पहिला रकाना भरत असेल तर पुन्हा पुस्तक, तिसरा भरत असेल तर हाताने गणितं. या दोन्हींवर नवं पुस्तक हा उपाय नाही.

बोर्डाची परीक्षा मार्चपर्यंत संपते, आणि मे महिन्यातल्या नीटपर्यंत सहा-सात आठवडे उरतात. या काळात दर तीन-चार दिवसांनी एक पूर्ण पेपर, दुसऱ्या दिवशी त्याची चिरफाड, मधल्या दिवसांत रेघा मारलेली जीवशास्त्राची पुस्तकं आणि चुकांची वही.