उन्हाळ्यातली स्वस्त व्हाइट वाईन, रश्श्यासकट

कोल्हापूरच्या राजारामपुरीत एप्रिलच्या उन्हात शोकेसमध्ये उभी असलेली बाटली मी घेत नाही. एकदा घेतली होती. घरी उघडली तर रंग तपकिरी आणि वास चिरून ताटात विसरलेल्या सफरचंदाचा. तेव्हापासून सरळ सांगतो, "भाऊ, आतल्या फ्रीजमधली द्या," आणि लेबलवरचं साल, म्हणजे द्राक्षं तोडल्याचं वर्ष, बघतो. आपल्याकडे वाईनची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये तोडतात. स्वस्त व्हाइट मुरवत ठेवायची नसते. चालू नाहीतर मागच्या सालाची घ्या. फिरकीचं झाकण बघून नाक मुरडू नका, उरलेली परत नीट बंद होते.

परदेशी बाटलीचे बरेचसे पैसे करातच जातात, म्हणून नाशिककडचीच बरी. शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ या द्राक्षाच्या जाती, वाईनही त्याच नावाची. शेनिन बहुतेक वेळा किंचित गोडसर. सोव्हिन्यों आंबट, हिरव्या मिरचीच्या, कापलेल्या गवताच्या वासाची. तांबड्या रश्श्याला शेनिनच. आंबट, कोरडी वाईन तिखट आणखी पेटवते, घाम फुटतो नुसता. पांढऱ्या रश्श्याला मात्र सोव्हिन्यों. नारळ-खसखशीचा जडपणा कापते.

फ्रीझरमध्ये विसरलात तर बाटली फुटू शकते. त्यापेक्षा बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर खडेमीठ, 20 मिनिटांत काम होतं. 8 ते 10 अंश पुरे. त्याहून गार केली की चव मरते. बाटली भिकार निघाली तर मुद्दाम तेच करा! उरलेली फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस, नंतर चिकनमध्ये.