समीक्षेसाठी पुस्तक स्वीकारण्याआधी
पुस्तक हाती पडलं की लगेच 'लिहितो' म्हणू नका. 'पोचलं, वाचून कळवतो' एवढंच पुरे. आपल्याकडे तालुक्याच्या गावी लेखक बहुतेक ओळखीतलाच निघतो, कुणाचा साळा, कुणाचे सर. त्यामुळे शब्द जपून द्यावा.

मी आधी मधलंच एखादं प्रकरण उघडतो. सुरुवात सगळेच घासूनपुसून लिहितात, मधे हात ढिला पडतो. मग तपशील. यवतमाळकडची कादंबरी आणि श्रावणात कापसाची वेचणी चाललेली असेल, तर लेखक बांधावर गेलेलाच नाही. बोंडं फुटून वेचणी सुरू होते ती दसरा-दिवाळीच्या सुमारास. बोलीचंही तसंच. अकोला-अमरावतीकडे वऱ्हाडी, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे झाडीबोली. साकोलीचा धानवाला शेतकरी अकोटच्या माणसासारखा बोलू लागला की मी पान क्रमांक वहीत टिपतो. 'बोली कृत्रिम वाटते' असं मोघम लिहिण्यापेक्षा ती दोन वाक्यंच दाखवलेली बरी.

पैसे घेऊ नका, प्रवासखर्चाच्या नावानेही नाही. प्रत फुकट मिळाली असेल किंवा लेखक सोयरा असेल, तर परीक्षणातच तसं लिहा. छापण्याआधी मजकूर दाखवणार नाही, हेही आधीच सांगा (नंतर फार रुसवेफुगवे होतात). प्रकाशक, आवृत्ती, किंमत पहिल्याच दिवशी उतरवून ठेवा.

नकार द्यायचा असेल तर आठवड्याभरात कळवा, आणि प्रत परत पाठवू की गावच्या वाचनालयात देऊ, ते विचारून घ्या.