सी डेचे तीन तास : क्रूझवर पहिल्यांदा साइन ऑन करणाऱ्यांसाठी

सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक) हातात आहे, एसटीसीडब्ल्यूचे (जहाजावरच्या सुरक्षेचे सक्तीचे) कोर्स झालेत, सी-१/डी (अमेरिकेचा क्रू) व्हिसा लागलाय आणि साइन ऑनचं, म्हणजे जहाजावर कामाला रुजू होण्याचं, तिकीट आलंय, असं धरून लिहितो आहे. कागदपत्रांचं सगळं मडगावपासून मालवणपर्यंत कुठल्याही तारवट्याच्या (जहाजावर नोकरी करणाऱ्याच्या) घरी कळतं. सी डे, म्हणजे जहाज बंदराला न लागता दिवसभर समुद्रातच असतं तो दिवस, कसा काढायचा, हे मात्र कोणी नीट सांगत नाही. सुट्टीवर आलेला माणूस बंदरांच्याच गोष्टी सांगतो. पण बार्सिलोना किंवा कोझुमेल बघायला मिळणार की नाही, हे तुमची ड्युटी ठरवते. सी डे प्रत्येकाच्या वाट्याला येतो, आणि अटलांटिक ओलांडताना तो सलग सहा-सात दिवस येतो. तो आवडून घेता आला नाही तर कॉन्ट्रॅक्ट फार लांब वाटतं.

आधी कडू भाग. बंदर नाही म्हणजे आराम, ही समजूत घरीच ठेवून या. बंदराच्या दिवशी नऊ-दहा वाजेपर्यंत बहुतेक गेस्ट खाली उतरतात. सी डेला सगळे जहाजावर असतात आणि सगळ्यांना भूक लागते. ब्रेकफास्ट लांबतो, लंच भरून येतं, दुपारचा चहा असतो आणि फॉर्मल नाइटही बहुधा याच दिवशी ठेवतात. कॅसिनो आणि ड्यूटी-फ्री दुकानं बंदरात बहुतेक वेळा बंद असतात, त्यामुळे त्या लोकांची खरी कमाई याच दिवशी. हाउसकीपिंगचे हाल वेगळे: गेस्ट साडेदहापर्यंत केबिनमधून हलत नाहीत आणि सकाळचं काम दुपारवर सरकतं. पहिले दोन सी डे पाहूनच ठरवा की लवकर उठून डेकवर जाणारी जोडपी कुठल्या केबिनमध्ये आहेत. त्या केबिन आधी घ्या. ओळीने जात बसलात तर दर तिसऱ्या दारावर परत यावं लागेल.

एवढं असूनही या दिवसात दुपारी साधारण तीन तास तुमचे असतात. ते खरोखर तुमचे आहेत, कोणी मेहेरबानी म्हणून दिलेले नाहीत, म्हणून हिशोब समजून घ्या. एमएलसी २००६ (खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार) प्रमाणे कुठल्याही २४ तासांत किमान १० तास विश्रांती आणि ७ दिवसांत किमान ७७ तास. ही विश्रांती दिवसाला फार तर दोन तुकड्यांत मोडता येते आणि त्यातला एक तुकडा सलग ६ तासांचा असायला हवा. समजा डायनिंगमधली तुमची पाळी सकाळी ६:३० ते १०, मग ११:३० ते २:३० आणि संध्याकाळी ५:३० ते १०:३० अशी आहे. काम साडेअकरा तास. रात्रीची विश्रांती ८ तास, दुपारची ३. मधला दीड तास तिसरा तुकडा ठरतो, तो धरायचाच नाही. ८ आणि ३ मिळून ११. नियमात बसलात, पण वर फक्त एका तासाची जागा उरली. तो एक तास कसा जातो, तेच पुढे सांगतो.

हा भाग लांबणार आहे आणि तो लांबवायचाच आहे, कारण कामाला चोख असलेली पोरंपोरीही इथेच आपटतात. जहाजाची वेळ कॅप्टन ठरवतो आणि ती बाहेरच्या बंदराशी जुळेलच असं नाही. पृथ्वीवर दर १५ रेखांशाला एक तास बदलतो. ४० अक्षांशाच्या आसपास १५ रेखांश म्हणजे सुमारे ६९० सागरी मैल. २० नॉटने (ताशी २० सागरी मैल) चालणारं जहाज दिवसाला ४८० सागरी मैल कापतं. म्हणजे अटलांटिकवर सरळ पूर्वेला जाताना दर दीड दिवसाला घड्याळ एक तास पुढे न्यावंच लागतं. फ्लोरिडातून भूमध्य समुद्रात जाताना असे सहा तास जातात. एप्रिलच्या सुमारास जहाजं कॅरिबियनमधून युरोपला हलतात, आणि नेमक्या त्या फेरीत साइन ऑन झालात तर पहिल्याच आठवड्यात हे सगळं अंगावर येतं.

बदल बहुधा रात्री २ वाजता होतो: २ वाजायच्या क्षणी ३ वाजतात. (काही जहाजं पूर्वेला जाताना तो भर दुपारी करतात, म्हणजे जातो तो कामाच्या वेळातला तास. असं जहाज मिळालं तर नशीब.) वरच्या पाळीत रात्रीच्या आठ तासांचे सात उरले, दुपारचे तीन, एकूण दहा. अगदी काठावर. त्यात डिनर पाऊण तास लांबलं किंवा दुपारी साइड जॉबसाठी (पाळीबाहेरच्या वरकामासाठी) बोलावलं, की काठ ओलांडला. चांगला सुपरवायझर घड्याळ पुढे जाणाऱ्या दिवशी सकाळची पाळी अर्धा-एक तास उशिरा लावतो. लावली नसेल तर आदल्या दुपारी, शांतपणे, आकडे घेऊन विचारा. रात्री अकराला थकलेल्या माणसाला विचारून उपयोग नाही.

आता फोन. फोनमधली तारीख-वेळ ऑटोमॅटिक ठेवलीत तर तो जहाजाची वेळ पाळतच नाही. किनाऱ्याजवळून जाताना तिथल्या टॉवरची वेळ उचलतो. खोल समुद्रात जहाजाचं मोबाइल नेटवर्क मिळालं तर त्या नेटवर्कची. म्हणजे साडेपाचचा गजर साडेचारला वाजेल किंवा साडेसहाला, आणि तुम्हाला कळणारही नाही. क्रूची केबिन बहुतेकदा पाण्याच्या पातळीजवळ, बिनखिडकीची असते. बाहेर उजाडलं की रात्र आहे, हे तिथे अंगाला समजत नाही. जाग येते, गजर झालेला नसतो, तुम्ही कूस बदलता आणि ब्रेकफास्ट सुरू झालेला असतो.

म्हणून जहाजावर पाऊल ठेवलं त्याच दिवशी ऑटोमॅटिक वेळ बंद, ऑटोमॅटिक टाइम झोनही बंद (हे दोन वेगळे स्विच असतात, लोक एकच बंद करतात) आणि वेळ हाताने शिप टाइमला लावा. रोज डिनरच्या सेवेआधी आय-९५ वरचा नोटीस बोर्ड बघायचा. आय-९५ म्हणजे क्रूचा तो लांबच लांब मुख्य पॅसेज. घड्याळ बदलायचं असेल तर ड्युटी सुटताच बदला, झोपेपर्यंत थांबू नका. मग क्रू मेसमधल्या भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून बघा. ती घड्याळं एका मध्यवर्ती यंत्रणेवर चालतात आणि २ वाजताच पुढे सरकतात. म्हणजे तुम्ही झोपायला जाताना त्यांच्यात आणि तुमच्या फोनमध्ये बरोबर एक तासाचा फरक दिसला पाहिजे. शून्य दिसला तर विसरलात. दोन दिसला तर दोनदा केलंत.

दोनदा होतं, हे खरं आहे. केबिनमध्ये एकच टेबलक्लॉक असतं. आधी आलेला रूममेट ते पुढे करून झोपतो, नंतर आलेला पुन्हा पुढे करतो. तेव्हा त्या घड्याळाला कोण हात लावणार, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका. दुसरा गजर म्हणून सेलवर चालणारं साधं घड्याळ घरूनच आणा, किंवा केबिनच्या फोनवर वेक-अप कॉल लावा. रूममेटच्या भरवशावर झोपू नका. त्याची पाळी बदलली की तुमची सकाळ गेली. उशिराची बहुतेक ठिकाणी लेखी वॉर्निंग मिळते आणि तिथे घड्याळाचं कारण चालत नाही.

पश्चिमेला जाताना घड्याळ मागे येतं, २५ तासांचा दिवस मिळतो. तो जास्तीचा तास झोपेला द्या, क्रू बारला नको.

हे एकदा बसलं की दुपार मोकळी होते. अडीचला सुटल्यावर थेट अंथरुणात शिरू नका, हे माझं ठाम मत आहे. आधी बूट-मोजे काढून पाय गार पाण्याने धुवा, चप्पल घाला आणि क्रूच्या ओपन डेकवर अर्धा तास जा. सकाळपासून ट्यूबलाइटखाली असलेल्या डोळ्यांना खरा उजेड लागतो. जहाज २० नॉटने जात असेल तर वारा पडलेला असतानाही समोरून ताशी ३७ किलोमीटरचा वारा येतो, म्हणून आडोशाच्या बाजूला बसा. वारा गार लागतो, ऊन कळत नाही आणि कातडी भाजते. मानेला सनस्क्रीन लावाच. उष्ण समुद्रात पुढच्या बाजूला पाण्यावरून उडणारे मासे दिसतात, कधी डॉल्फिन. पाण्यापासून ३० मीटर उंचीवर उभं राहिलात तर क्षितिज साधारण १९-२० किलोमीटरवर असतं, आणि तेवढ्या वर्तुळात तुमच्या जहाजाशिवाय काहीच नसतं. किनाऱ्यावर वाढलेल्यालाही हे दृश्य नवीन असतं. मग सव्वातीन ते पावणेपाच झोप. दीड तास किंवा वीस मिनिटं. मधलं पाऊण तासाचं झोपलात तर डोकं जड होऊन उठाल.

घरी फोन या तीन तासांत करायचा की नाही, ते जहाज कुठे आहे त्यावर. उन्हाळ्यात भूमध्य समुद्रात भारत साडेतीन तास पुढे असतो, दुपारी तीनला घरी साडेसहा वाजलेले असतात, उत्तम. तेच कॅरिबियनमध्ये मायामीच्या उन्हाळी वेळेवर असाल तर दुपारी तीनला घरी रात्रीचे साडेबारा. आई जागी राहते, बोलत नाही, पण राहते. तिथे सकाळी साडेपाचला करा, घरी दुपारचे तीन असतात आणि नेटही मोकळं असतं. सी डेच्या दुपारी सगळं जहाज त्याच सॅटेलाइटवर चढलेलं असतं.

समुद्र लागणं. पहिले दोन-तीन दिवस बहुतेकांना लागतो, पुढे शरीर सरावतं, घाबरू नका. पोट रिकामं ठेवू नका. कोरडी बिस्किटं, हिरवं सफरचंद, आलं. गोळी त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते, नंतर ती पोटात टिकतच नाही, आणि तिने झोप येते. जहाजाच्या मध्यावर, खालच्या डेकला हेलकावा कमी. डायनिंगमध्ये टेबलक्लॉथ थोडा ओलसर करून घेतला की ताटं घसरत नाहीत.

पण उलटी किंवा जुलाब झाले तर लपवायचे नाहीत. समुद्र लागलाय असं स्वतःच ठरवून कामावर उभं राहणं ही नोकरी घालवणारी चूक आहे. मेडिकलला कळवा, ते ठरवतील. नोरोव्हायरसच्या संशयावरून अन्न हाताळणाऱ्याला लक्षणं थांबल्यापासून किमान ४८ तास वेगळं ठेवतात. ते दोन दिवस शिक्षा नाहीत. सॅनिटायझर या विषाणूवर नीट चालत नाही, साबणाने २० सेकंद हात धुवावे लागतात. यूएसपीएचच्या (अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या) जहाज-स्वच्छता तपासणीत १०० पैकी ८६ ला पास, ८५ ला नापास. गरम अन्न ५७ अंशांच्या वर आणि थंड ५ अंशांच्या खाली, हे थर्मामीटरनेच बघतात.

सीनियरबद्दल थोडं. गाववाला भेटला की जीव भांड्यात पडतो आणि पडावाच, पण शिकायला बॉस किंवा गाववाला न शोधता असा माणूस शोधा जो रोज वेळेत काम संपवून दुपारी डेकवर दिसतो. त्याची पद्धत बघा. 'टाइमशीटवर सही करून ठेव, आकडे नंतर भरू' म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. ड्युटी पंच आउट करून मग साइड जॉब उरकायचा, हा शॉर्टकट चार दिवस वेळ वाचवतो, पण तुमचे तीन तास कागदावर राहतात आणि पायांना मिळत नाहीत. चांगलं स्टेशन (डायनिंगमधली तुमच्या वाट्याची टेबलं) मिळवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्यापासून दूर राहा. इकडे नोकरी लावायचे पैसे मागणाऱ्या एजंटापासूनही. नोकरी लावण्याची फी खलाशाकडून घेणं कायद्याने बंद आहे.

पहिला महिना सी डे अंगावर येईल. पाय सुजतील, नावं विसराल. ते सगळ्यांचं होतं आणि सुटतं.

रात्री ड्युटी संपल्यावर अंगात त्राण असेल आणि घड्याळ पुढे जाणार नसेल, तर पुढच्या टोकाकडचा क्रू डेक उघडा आहे का विचारा. वारा वाढला की ब्रिजच्या (जहाज जिथून चालवतात त्या खोलीच्या) हुकमाने तो बंद करतात, तेव्हा दोरी ओलांडून जायचं नाही. वरच ब्रिज असतो आणि त्यांना अंधारात बघायचं असतं, म्हणून तिथले दिवे मालवलेले असतात. फोनचा टॉर्च चुकूनही लावू नका. पायऱ्यांचा कठडा धरून जा, वीस मिनिटं डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. चंद्र नसेल तर आकाशगंगा क्षितिजापर्यंत खाली उतरलेली दिसेल.