बडोदा–अमदावाद अपडाऊन नव्याने सुरू करताय? मग हे वाचा

अमदावादला नोकरी लागली की घरात लगेच दोन पार्ट्या पडतात. आई म्हणते तिकडेच रूम घे, बाबा म्हणतात शंभर किलोमीटर तर आहे, अपडाऊन कर. मी बाबांचं ऐकलं, आता चार वर्षं झाली, त्यामुळे थोडंफार सांगू शकते.

आधी रेल्वेचा पास. तीन महिन्यांचाच काढा, महिन्याच्या पासाच्या २.७ पट पैसे पडतात म्हणजे नऊएक दिवस फुकट, आणि दर महिन्याला तारीख लक्षात ठेवायची कटकट नाही. १२ तारखेला काढलेला पास ११ ला संपतो, १२ ला नाही!! हे मी २५० रुपये दंड अधिक तिकीट भरून शिकलेय, तेही अख्ख्या डब्यासमोर, आणि शेजारची मासी (मावशी) वर म्हणते, "बेन, काले ज पूरो थई गयो ने", म्हणजे ताई, कालच संपला ना.

आता खरी गोष्ट, डबा कुठला पकडायचा. नवीन माणूस जिन्यातून उतरतो आणि समोर जो डबा दिसेल त्यात घुसतो, म्हणून तिथेच सगळी गर्दी. तुम्ही उलटा विचार करा, कालुपूरला, म्हणजे अमदावादच्या मुख्य स्टेशनला, उतरल्यावर तुमचा जिना कुठे येतो ते पहिले दोन-तीन दिवस बघून ठेवा आणि बडोद्याला प्लॅटफॉर्मवर त्या हिशेबाने पुढे किंवा मागे जाऊन उभे राहा. सकाळी पाच मिनिटं चालावं लागतं पण तिकडे जिन्यावर ती तुंबलेली गर्दी लागत नाही. एकदा डबा ठरला की बदलू नका, कारण आठवड्याभरात लोक चेहऱ्याने ओळखायला लागतात आणि मग "जरा आघा खसो ने" (जरा सरका ना) म्हटलं की तिघांच्या बाकावर चौथी जागा आपोआप निघते. रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांशी पहिल्या महिन्यात भांडू नका, दुसऱ्या महिन्यात तुमच्यासाठीही रुमाल पडतो.

बसायचं कुठे? डावीकडे. गाडी जाते त्या दिशेला तोंड करून डावीकडे, सकाळी पण आणि संध्याकाळी पण. मला हे कळायला वर्ष लागलं. जाताना गाडी वायव्येकडे जाते म्हणून ऊन उजवीकडून, आणि येताना दिशा उलटी पण तोवर सूर्यही पश्चिमेला गेलेला, त्यामुळे परत उजवीकडूनच. मे महिन्यात मेमूमध्ये (म्हणजे आपली विजेवरची लोकल) बसून बघा, मग पटेल.

स्टेशनं मोजत बसायची गरज नाही, नाक सांगतं. बाजवा आलं की खताच्या कारखान्याचा वास, मग रानोली-नंदेसरीला केमिकलचा, डोळे मिटलेले असले तरी माणूस न बघता खिडकी ओढतो. मग एकदम गार हवा येते आणि पुलाचा धडधडाट, म्हणजे मही नदी. इथे लोक तिला महीसागर म्हणतात. पत्ते कुटणारे काकासुद्धा हातातली पानं उलटी ठेवून नमस्कार करतात, कुणी नाणं टाकतं, आणि पूल संपला की तीच पानं परत उचलतात. मग वासद, आणंद, नडियाद. मधेच गाडी उभी राहिली तर घाबरू नका, मागून कुठलीतरी मोठी गाडी पुढे काढत असतात, ऑफिसात दहा मिनिटं जास्तीची सांगूनच ठेवा.

कालुपूरला मेट्रो जमिनीखाली आहे, रेल्वेचा पास तिथे चालत नाही, तिकीट वेगळं. थलतेजकडची पकडायची, आणि गांधीनगर किंवा गिफ्ट सिटीवाल्यांनी जुनी हायकोर्ट स्टेशनला लाइन बदलायची. गंमत म्हणजे मेमूत दीड-दोन तास बोंबाबोंब करणारे हेच लोक मेट्रोत शिरले की एकदम गप्प, जणू एकमेकांना ओळखतच नाहीत! गाडी शाहपूरनंतर वर येते आणि साबरमती ओलांडते, तिथे काचा उघडत नाहीत म्हणून नाणं टाकायचा प्रश्नच नाही, पण आमच्या ग्रुपमधली एक मासी रोज पर्सवरच हात जोडते.

परतीचा प्रवास मला जास्त आवडतो. थंडीत लेडीज डब्यात प्रत्येकीच्या मांडीवर कापडी पिशवी, त्यात हिरव्या तुरीच्या शेंगा, घरी पोचेपर्यंत उंधियूचे लीलवा, म्हणजे हिरवे दाणे, सोलून तयार. तुमच्याकडे शेंगा नसतील तर दुसरीच्या सोला, कुणी विचारत नाही, आणि त्या बदल्यात ठेपला मिळतो (आमच्या घरच्या भाकरवडीला पण चांगला भाव आहे). टरफलं मात्र पिशवीतच, खाली टाकलीत तर मासी सोडणार नाही.

एवढं सोललं की झोप येतेच. बडोद्यालाच संपणारी मेमू असेल तर खुशाल झोपा, पण वलसाड-मुंबईकडे जाणारी असेल तर बाजव्याचा वास आला की उठून दारात या. मी एकदा नाही उठले. भरूचला जाग आली, आणि पास फक्त बडोद्यापर्यंतचा, तेव्हा तिथे आधी तिकीटखिडकी गाठा, मग घरी फोन करा.